एवढी एकच गाडी

छत कोसळल्यापासून खाण बंद होती. हिवाळा सरला, ऊन तापायला लागलं, तरी खाणीच्या तोंडावरचं फाटक काही उघडलं नाही. वस्तीतली माणसं आधी घरांची डागडुजी करत बसली, मग पत्ते खेळत बसली, मग नुसतीच बसली. कुणी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं, कुणी शहरात हमाली करून कंबर धरून परत आलं. चुली दिवसातून एकदाच पेटायला लागल्या, तेव्हा ऑफिसातून निरोप आला. खाण उघडणार, पण आधी सगळ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागणार. मजूर असो की मुकादम, ज्याचं प्रशिक्षण पुरं होणार नाही त्याला आत पाऊल टाकता येणार नाही.

दिवेवालीलाही बोलावणं होतं. छताखाली सापडून गेला तो तिचाच नवरा. त्याच्यानंतर कंपनीने तिला दिवाघरात घेतलं. आत उतरणाऱ्याला डोक्यावरचा दिवा खिडकीतून द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, पुसून चार्जिंगला लावायचा, एवढं काम. खाणच बंद असल्यामुळे तिने अजून एकाही माणसाच्या हातात दिवा दिला नव्हता. रोज जाऊन फक्त धूळ पुसत होती. तरी वस्तीने तिला 'दिवेवाली' करून टाकलं होतं.

घरात ती, तिची शाळेत जाणारी मुलगी, सासूबाई आणि धाकटा दीर. दीर मुकादम होता. थोरल्याने स्वतः कोळसा भरून त्याला शिकवलं होतं. तो मुकादमाची परीक्षा पास झाला त्या दिवशी थोरला शर्ट उलटा घालून वस्तीभर सांगत फिरला होता, आणि कुणी ते दाखवलं तरी त्याने तो सुलटा केला नव्हता. पुढे थोरला धाकट्याच्याच हाताखाली कोळशाच्या गाड्या भरायला लागला. लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, "घरी मी त्याचा कान धरतो, आत तो माझा धरतो. फिटंफाट."

भाऊ गेल्यापासून दिराचं जेवणावरचं मन उडालं होतं. गालफडं बसली होती. तो सकाळी उठून पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, मुलीला शाळेपर्यंत सोडायचा, म्हणजे थोरला करायचा ती सगळी कामं करायचा. वहिनीशी बोलताना मात्र तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. दिवेवालीला वाटायचं, दुःखच आहे ते, प्रत्येकाचं वेगळं असतं.

प्रशिक्षण कोठाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. दहाच्या आतच पत्रा इतका तापायचा की वर हात लावला तर फोड येईल. पुढे मुकादमांना खुर्च्या, मागे मजुरांना बाकं. दिवेवाली एकटीच बाई, म्हणून दाराजवळ बसली. तिला मिळालेलं हेल्मेट मोठं होतं. मान खाली घातली की ते नाकावर यायचं आणि मागून कुणीतरी खुसखुसायचं. पहिल्याच दिवशी एकाने तिला पाण्याची कळशी आणायला सांगितली. ती आणून ग्लास भरायला लागली तेव्हा शिकवायला आलेल्या मास्तरांनी हटकलं.

"बाई, तुम्ही पाणी द्यायला आलात की शिकायला?"

"शिकायलाच."

"मग बसा. ज्याला तहान लागेल तो उठेल."

मास्तर बाहेरगावचे होते. आवाज मोठा, माणूस सरळ. त्यांनी पहार घेऊन छत कसं ठोकून बघायचं ते दाखवलं. टणक वाजलं तर ठीक. ढोलासारखं पोकळ वाजलं, बारीक माती झरायला लागली, की हातातलं टाकून मागे फिरायचं. टेकू लागल्याशिवाय त्या छताखाली कुणी जायचं नाही. जुन्या माणसांना हे सगळं पाठच होतं. ती माना डोलावत होती आणि झोपेला आवरत होती. एकटा रेडिओ जागा होता. रेडिओ म्हणजे कोळशात सुरुंगाची भोकं पाडणारा गडी. त्याचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून हे नाव.

"साहेब, छत पोकळ वाजलं तर आम्ही मागे फिरतो. पण मुकादमाचं डोकं पोकळ वाजलं तर काय करायचं?"

शेड हसली. खुर्च्याही हसल्या. दीर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अपघातांची उदाहरणं घेतली. कुठे वायू, कुठे सुटलेली दोरी. मग म्हणाले, "आता इथलंच उदाहरण. मागच्या हिवाळ्यातलं. नाव घेत नाही." आणि वाचून दाखवलं, "मजूर मुकादमाची परवानगी न घेता, टेकू न लावलेल्या छताखाली गेला. छत कोसळलं. मजूर जागीच गेला. सांगा, चूक कुणाची?"

बाकांवरची माणसं आपापले तळवे बघायला लागली.

"अहो, सोपं आहे. चूक कुणाची?" मास्तरांनी शेडभर नजर फिरवली आणि ती दाराशी थांबली. "बाई, तुम्ही सांगा."

ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती उभी राहिली. हेल्मेट नाकावर आलं, ते तिने मागे सारलं. तिच्या मनात आलं की आपण बोललो नाही तर हे नापास करतील. दिवाघर जाईल. मुलीची शाळा, सासूबाईंचं औषध, सगळं त्या खिडकीवर उभं आहे.

"मजुराची," ती म्हणाली.

"बरोबर. बसा."

ती बसली. पुढे एक खुर्ची करकरली आणि दीर उठून बाहेर गेला. शेडच्या मागून ओकारीचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "ऊन फार आहे. टोपी घालत जा रे सगळे."

त्या दिवशी ती घरी आली ती थेट न्हाणीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. नवऱ्याचाच राग येत होता. इतकी वर्षं कोळसा भरला, छत कसं वाजतं ते याच्याइतकं कुणाला कळत होतं? मग परवानगी न घेता गेलास कशाला? कुणासाठी?

सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काय शिकवलं आज?"

"चूक कुणाची ते," ती म्हणाली.

बाहेर सासूबाई लसूण सोलायला लागल्या.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मास्तर म्हणाले, "ऐकून कुणी शिकत नाही. आज करून बघायचं. मुकादमाने हुकूम द्यायचा, मजुराने नाही म्हणायचं. मोकळेपणाने. नाही म्हणायची जिभेला सवय लागली पाहिजे."

जोड्या लावल्या. पहिले काही जण लाजतच उभे राहिले. एका मुकादमाला हुकूम देता देता हसूच आवरेना. रेडिओने हात जोडून, मान वाकडी करून असा नकार दिला की त्याच्या मुकादमाने "बरं बाबा, राहू दे" म्हणून पाठच फिरवली. शेडमध्ये खूप दिवसांनी थोडी मोकळी हवा आली.

मग मास्तरांनी दिराकडे बोट केलं. "तुम्ही. आणि समोर कोण? त्या बाई राहिल्यात."

रेडिओ चटकन म्हणाला, "साहेब, ती दोघं एका घरातली आहेत. दुसरं कुणी लावा."

"मग तर उत्तमच. परक्याला नाही म्हणता येतं. घरच्याला म्हणून दाखवा."

"साहेब, पण–"

"प्रत्येकाने करायचं आहे. केल्याशिवाय प्रशिक्षण पुरं धरत नाहीत. या बाई."

ती पुढे गेली. दीर समोर उभा होता. त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मास्तरांनी प्रसंग सांगितला. "हं. छत पोकळ वाजतंय. टेकूचं लाकूड अजून आलेलं नाही. वरून सारखे निरोप येताहेत, कोळसा पाठवा, कोळसा पाठवा. एक गाडी छताखाली अर्धी भरून उभी आहे. समोर तुमचा मजूर. काय म्हणाल?"

दीर दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"बोला मुकादम. रोज बोलता तसंच बोला."

त्याने वर बघितलं. पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघितलं. पण बघत होता तो तिला नाही.

"जा ना दादा," तो हळूच म्हणाला. "एवढी एकच गाडी. मी आहे ना इथं."

शेडमध्ये पत्रा तडतडत होता, तेवढाच आवाज. बाकांवर कुणाची मान वर नव्हती. रेडिओने डोळे मिटून घेतले होते.

"दादा काय, बाई आहेत त्या," मास्तर म्हणाले. "असो. हुकूम झकास दिलात, असाच देतात, गोडीगुलाबीने. आता बाई, नाही म्हणा."

ती उभीच राहिली. एकाएकी तिला सगळं दिसलं. परवानगी न घेता नाही. हुकमानेही नाही. धाकट्या भावाने चार माणसांत 'दादा' म्हणून विनवलं, आणि नाही म्हटलं असतं तर नव्या मुकादमाची चार माणसांत शोभा झाली असती. थोरला हसला असेल. कान धरण्याबद्दल काहीतरी बोलला असेल. आणि गेला असेल.

"बाई, नाही म्हणा."

"नाही," ती दिराकडे बघत म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "नाही." आणि हेल्मेट काढून जवळच्या बाकावर ठेवून बाहेर निघून गेली.

नळाशी ती उकिडवी बसली होती तेव्हा रेडिओ आला. थोडा लांबच उभा राहिला.

"तू होतास तिथे," ती म्हणाली.

"आम्ही सगळेच होतो."

"आणि ऑफिसच्या साहेबांनी विचारलं तेव्हा?"

रेडिओने पायाने माती उकरली. "तू बेशुद्ध पडली होतीस तेव्हा. म्हातारी भिंतीला डोकं आपटत होती. आम्ही म्हटलं, एक गेला. दुसऱ्याला तुरुंगात घालून काय मिळणार? घरात कमावणारं कोण राहणार? साहेबांनाही ते हवंच होतं. लाकूड वेळेवर का आलं नाही, निरोप कोण पाठवत होतं, हे मग कुणी विचारत नाही. ते म्हणाले, बाईला नोकरी देतो, विषय मिटवा."

"म्हणजे माझी नोकरी ही त्याची किंमत."

"तुझ्या भल्याचंच बघितलं," रेडिओ म्हणाला. आणि मग त्यालाच ते ऐकवेना, म्हणून तो निघून गेला.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ती समोर बसली.

"आई, भाऊजींनी पाठवलं होतं त्यांना."

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तेरावा झाला त्या रात्रीच माझ्या पायावर पडून सांगितलं त्याने."

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्या तोंडावर हात ठेवला," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, हे पुन्हा या घरात निघालं तर मी विहीर जवळ करीन. मला दोघं होते. एक मातीने घेतला. दुसरा मी माझ्या हाताने देऊ? तू दिला असतास?"

मुलगी दाराशी फुलपात्र घेऊन उभी होती, तिला तिने बाहेर खेळायला पाठवलं.

संध्याकाळी दीर आला आणि उंबऱ्यातच बसला. आत येईना. ती चुलीपाशी होती.

"वहिनी, मारा मला," तो म्हणाला.

"मारून काय करू?"

"त्याच छताखाली जायला मी रोज खाणीच्या फाटकापर्यंत जातो. फाटक बंद असतं म्हणून परत येतो."

सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या, त्या ताठ झाल्या. दिवेवालीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "माझी मुलगी आहे, मला ती खिडकी हवी आहे. पण उद्या शेवटचा दिवस. मास्तर पुन्हा वाचतील. मजुराची चूक. दुसऱ्या खाणीत जाऊन वाचतील, तिसऱ्या खाणीत वाचतील. माझ्या तोंडून त्यांनी ते वदवून घेतलं, भाऊजी. तुम्ही समोर बसला होता."

"वहिनी–"

"तुम्हाला शिकवायला तुमच्या दादांनी स्वतःला नवा शर्ट घेतला नाही कधी. आणि त्यांचं मरण आता त्यांचीच चूक म्हणून शिकवतात."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "अगं, गप्प बस गं."

तिने ताटं वाढली. कुणीच जेवलं नाही, फक्त मुलगी जेवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी उजळणी घेतली. हिवाळ्यातल्या अपघातापाशी आले तेव्हा दीर उठून उभा राहिला. खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"साहेब, ते तसं नाही."

"काय तसं नाही?"

"तो मजूर माझा थोरला भाऊ. परवानगी न घेता नाही गेला. मी छत ठोकलं होतं. पोकळ वाजलं होतं. लाकूड सकाळपासून मागत होतो, आलं नव्हतं. वरून तीनतीनदा निरोप आले. मी त्याला जा म्हटलं. तो म्हणाला, अरे वाजतंय की. मी म्हटलं, एवढी एकच गाडी. मग तो गेला." त्याने मास्तरांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "मजुराची चूक असं शिकवू नका."

मास्तर टेबलाच्या कडेवर टेकले. त्यांनी दाराकडे बघितलं, आणि त्या दिवशी आपण कुणाला उभं केलं होतं ते त्यांना उमगलं. त्यांचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला.

"हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"तुमचं पद जाईल. आणखीही काही होईल."

"कळवा, साहेब."

खाली बसताना तो खुर्चीवर न बसता मागे येऊन रेडिओच्या शेजारी बाकावर बसला. रेडिओने सरकून जागा दिली. एवढं झालं. पण जेवणाच्या सुट्टीत दोन जुनी माणसं मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, आम्हीही तिथे होतो, आमचंही लिहून घ्या.

चौकशी सुरू झाली. ऑफिसने दिराचं मुकादमपण काढून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत त्याला गाड्या भरायला लावलं. लाकूड का आलं नव्हतं, याबद्दल अजून कुणी कुणाला विचारलं नव्हतं. दिवेवालीला बोलावून साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी आम्ही एवढं केलं. तुमच्या नोकरीचं पुढे काय होईल, आता मी सांगू शकत नाही." ती "बरं" म्हणून बाहेर आली.

सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने वाढलेलं ताट त्या बाजूला सारायच्या आणि नंतर स्वतः उठून वाढून घ्यायच्या. काही सांगायचं झालं तर नातीच्या तोंडून सांगायच्या. घर एवढंसं. त्या एवढ्याशा घरात एकमेकींच्या अंगाला अंग लागू न देता दोघी वावरायच्या.

खाण उघडली त्या सकाळी दिवाघरासमोर रांग लागली. माणसं खुशीत होती. दिवेवाली एकेकाच्या हातात दिवा देत होती. दीर रांगेत शेवटी होता. त्याने हात पुढे केला, तिने दिवा दिला. दोघांनीही वर बघितलं नाही. तो उतरणाऱ्या माणसांत मिसळला आणि अंधारात गेला.

पाळी निम्मीही झाली नव्हती. ती खिडकीत बसली होती, तोच खाणीच्या तोंडातून एक दिवा वर येताना दिसला. एकच. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. तो दीर होता. अंगावर कोळसा, हातात पहार तशीच.

"काय झालं?"

"छत वाजतंय. नव्या मुकादमाला म्हटलं, टेकू लाव, मग जातो. तो म्हणाला, सोंग करतोस. सगळ्यांसमोर म्हणाला, भावाला पाठवताना नाही वाजलं का?" त्याने दिवा काढून खिडकीवर ठेवला. "मी म्हटलं, वाजलं होतं. म्हणूनच नाही जात."

"आणि बाकीचे?"

"ते आहेत आत."

त्याचा दिवसाचा रोज गेला. साहेबांनी त्याला फाटकाबाहेर काढलं आणि उद्या बघू म्हणून सांगितलं. तो घराकडे गेला. ती खिडकी सोडू शकत नव्हती. उरलेली पाळी तिने खाणीच्या तोंडाकडे बघत काढली. मनात वाईट यायचं. छत पडलं तर हा खरा ठरेल, आणि न पडलं तर वस्ती याला हसेल. छत पडू नये असं ती म्हणत राहिली. पुटपुटत म्हणत राहिली.

पाळी सुटली. एकेक दिवा वर आला. ती ते परत घेत गेली. सगळे आले. छत पडलं नव्हतं.

ती घरी पोचली तेव्हा दीर अंगणात बसला होता, अंगावरचा कोळसाही धुतला नव्हता. सासूबाई त्याच्याजवळ बसल्या होत्या. तो अवेळी दारात दिसला तेव्हापासून त्या तिथेच होत्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं आणि त्या ते सोडत नव्हत्या.

कुंपणापलीकडून रेडिओ घरी चालला होता. त्याच्याबरोबरचे हसत होते. त्यातल्या एकाने हाक मारली, "काय रे, छत अजून जागेवर आहे. सांगायला आलो."

रेडिओ हसला नाही. तो जरा थांबला. "आज वाजत होतंच," तो म्हणाला, आणि मान खाली घालून पुढे गेला.

तिने पाय धुतले, चूल पेटवली. बाहेर दीर आईला सांगत होता, "काही नाही झालं, आई. काही नाही झालं." मुलाला समजवावं तसं तेच तेच सांगत होता.

जेवायला बसले. दिवेवालीने सासूबाईंसमोर ताट ठेवलं. आता त्या ते सारतील म्हणून ती वाट बघत उभी राहिली. सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या.

"उद्या त्याला दिवा देऊ नकोस," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या तिच्याशी बोलत होत्या.

"द्यावा लागतो, आई."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि सुनेला म्हणाल्या, "बस तूही."